चौघींचा हप्ता, एकीचं खातं

मुरुम गावातल्या एका डाळमिलमध्ये मी सोळा वर्षं तूरडाळ निवडली. काम सांगायला सोपं आहे. डाळीचा ढीग पुढ्यात ओढायचा, तळहातानं पातळ पसरायचा आणि त्यातली काळी डाळ, खडा, काडी, न सुटलेलं टरफल चिमटीत धरून बाजूला टाकायचं. पण दिवसभर करून बघा. पहिल्या महिन्यात मला भाताकडं बघितलं तरी पिवळं दिसायचं. पुढं पुढं डोळ्यांचं काम बोटांनीच उचललं आणि मी आपली गप्पा मारायला मोकळी झाले.

आम्ही चौघी एका ताडपत्रीवर बसायचो. मी, माझ्याच गल्लीतल्या दोघी आणि आपा. आपा आमच्यात वयानं सगळ्यांत मोठ्या. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायच्या. कमी बोलायच्या, पण माझ्या ढिगातून सुटलेला खडा लांबून ओळखायच्या आणि न बोलता माझ्या मांडीवर आणून ठेवायच्या. मला राग यायचा. राग यायचा म्हणूनच माझं काम सुधारलं.

सात-आठ वर्षांपूर्वी मिलच्या पडवीत बँकेचा एक माणूस टेबल मांडून बसला होता. सरकारी पेन्शनची योजना होती. महिन्याला थोडा थोडा हप्ता भरायचा आणि साठ वर्षं झाली की मरेपर्यंत दर महिन्याला ठरलेली रक्कम घ्यायची. चाळिशीच्या आतल्यांनाच घेत होते. आपा तेव्हा एकोणचाळीस वर्षांच्या होत्या, त्यामुळं त्यांचा हप्ता माझ्या दुपटीच्याही वर बसला. आम्ही तिघी घुटमळत होतो. आपांनी मात्र पहिला अंगठा उठवला. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "भावजय लई चांगली हाय. पण चहापत्ती संपली म्हणून तिला सांगायला जाते ना, तवा तिच्या तोंडाकडं बघत न्हाय मी. आता सुना आल्या की त्यांच्याबी तोंडाकडं बघायचं न्हाय का?"

त्या एका वाक्यावर आम्ही तिघींनीही सह्या केल्या. एकाच दिवशी, एकाच टेबलावर, एकाच पेनानं. बँकेच्या माणसानं चौघींचे कागद एकाच पिवळ्या फायलीत घातले. ती फाईल मी नीट बघितली होती, आणि पुढं मी जो घोळ घातला त्याचं मूळ त्या फायलीत आहे असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते.

पगार बँकेत जमा व्हायचा, त्यातून हप्ता आपोआप कटायचा. कुठल्या खात्यातून, कसा, हे बघायची वेळच आली नाही.

मग संक्रांतीच्या तोंडावर मिलमध्ये मशीन आलं. सॉर्टेक्स म्हणतात त्याला. वरून डाळ ओतली की आतले कॅमेरे एकेक दाणा बघतात आणि काळा दाणा हवेच्या फुंकरीनं बाजूला उडवतात. मालक म्हणाले, "घाबरू नका, तुमची गरज लागणारच." पंधरा दिवसांनी त्यांनी आम्हाला राहिलेला पगार दिला आणि वर एकेक किलो डाळ दिली. मी मशीनच्या तोंडाखाली ओंजळ धरली, निवडलेल्या डाळीत एक काळा दाणा सापडला, तो नेऊन मालकांच्या टेबलावर ठेवला. मालक हसले. दाणा बोटानं टिचकी मारून खाली टाकला आणि म्हणाले, "एवढं चालतं आता." सोळा वर्षं आम्हाला तेवढं चालत नव्हतं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो अडत दुकानात हमाली करतो, माणूस सरळ आहे. म्हणाला, "काम न्हाय तर हप्ता कशाचा? खातं बंद कर. जमलंय तेवढं तरी हाताला लागंल."

त्याचं चुकत नव्हतं. पण माझ्या आईनं चष्म्याची एक काच बदलायला माझ्या दोन्ही भावांना सहा महिने सांगितलं होतं. सांगायच्या आधी ती थोडं हसायची. भाऊ वाईट नाहीत, पण ते हसणं मला अजून सोसत नाही. मी नवऱ्याला म्हटलं, "मी उपाशी बसंन पण हप्ता भरीन." तो म्हणाला, "उपाशी कशाला बसतीस, भरायचा तर भर की." आमच्याकडं भांडण असं संपतं, म्हणून मला ते पुन्हा सुरू करावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मी तिघींच्या घरी गेले. काम गेलं तरी हप्ता जाऊ द्यायचा नाही, असं बजावून आले. आपांना तर निराळं सांगायची गरज नव्हती. एकदा खातं बंद पडलं की वय उलटल्यामुळं त्यांना नवं निघणार नव्हतं, आणि मागच्या आठ वर्षांत भरलेले पैसे परत मिळाले तरी पेन्शन मिळणार नव्हती. त्या एवढंच म्हणाल्या, "पण पैसा आणायचा कुठनं?"

पैसा आणायचा मार्ग उन्हाळ्यानं दाखवला. आमच्याकडं उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरून ठेवतात. ज्वारी, गहू, तूरडाळ ऊन दाखवून, निवडून, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत जातं. मास्तरांच्या, व्यापाऱ्यांच्या घरच्या बायकांना आता एवढं बसवत नाही. मी सूप काखेत मारलं आणि दारोदार विचारत गेले. पायलीमागं काय द्यायचं ते ठरवायचं आणि ओसरीवर बसून निवडून द्यायचं. पहिल्या दारात माझा आवाज फुटेना. मिलमध्ये मी कामगार होते, पगारपत्रकावर माझं नाव होतं. इथं मी सूप घेऊन आलेली बाई होते. दुसऱ्या दारात आवाज फुटला. तिसऱ्या दारात मी भाव पण वाढवून सांगितला. मग बाकीच्या तिघींनाही बोलावून घेतलं आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत आम्ही चौघींनी मुरुमच्या निम्म्या कोठ्या भरून दिल्या.

आता घोळ सांगते.

आम्ही चौघी बचत गटातल्या बायका. गटाचं खातं एक, पासबुक एक. दहाजणींनी पैसे आणून द्यायचे, एकीनं बँकेत जाऊन भरायचे, आणि दहाजणींचा हप्ता एकदम फिटतो. वर्षानुवर्षं आम्हाला बँकेतला तेवढाच रस्ता माहीत. पेन्शनचे कागद तर चौघींचे एकाच फायलीत गेलेले. म्हणून बाजाराच्या दिवशी तिघी माझ्याकडं पैसे आणून द्यायच्या. मी नववीपर्यंत शिकलेली, त्यामुळं बँकेचा कारभार माझ्याकडं. किराणा दुकानात बँकेच्या वतीनं एक जण छोटं मशीन घेऊन बसतो, त्याच्याकडं मी चौघींचे पैसे माझ्या खात्यात भरायची. दोन-तीन दिवसांनी माझ्या फोनवर इंग्रजी मेसेज यायचा. त्यातलं मला एवढंच कळायचं की पेन्शनचा हप्ता गेला. मग मी तिघींच्या दारात जाऊन सांगायची, "कटला गं हप्ता, निवांत राहा."

सात महिने मी असं सांगत फिरले.

त्या खात्याला मी इतर कशासाठी हात लावला नाही. पासबुक भरून आणलं नाही. त्या पैशात दुसऱ्यांचा पैसा आहे, त्यात डोकवायचं कशाला, असं वाटायचं. आता वाटतं, तो मोठेपणा नव्हता, आळस होता. पण तेव्हा मला माझ्या प्रामाणिकपणाचं फार कौतुक होतं.

श्रावणात एका दुपारी आपा आमच्या दारात आल्या. एरवी त्या थेट आत येतात, चुलीपाशी बसतात. त्या दिवशी उंबऱ्याबाहेर थांबल्या. मी म्हटलं, "या की." त्या आल्या नाहीत.

"बँकेत गेले होते, आधार जोडायला," त्या म्हणाल्या. "मॅडम बोलल्या, पेन्शनचं खातं बंद पडायला आलंय. सात महिने हप्ताच न्हाय. दंड बसायलाय. असंच चाललं तर जमलेले पैसे दंडात जातील आणि खातं खलास."

मी म्हटलं, "असं कसं? दर महिन्याला कटलाय की!"

"कटलाय ते तुमी सांगता." आपा मला कधी तुमी म्हणत नव्हत्या. "माझे पैसे कुठं हायत?"

माझ्या अंगाची आग झाली. सोळा वर्षं एका ताडपत्रीवर बसलेली बाई मला हे विचारते. मी तोंडाला येईल ते बोलले. शेजारची बाई भांडी घासता घासता थांबून ऐकायला लागली, तिलाही बोलले. आपा तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात त्यांचा बटणांचा फोन होता. त्या फोनवर सात महिने हप्ता न गेल्याचे मेसेज येत होते, इंग्रजीत. घरातल्या पोरांना वाचायला सांगितलं की पोरं म्हणायची, जाहिरात आहे.

मी चप्पल अडकवली, पासबुक पदराखाली घेतलं आणि म्हटलं, "चला बँकेत. आत्ताच्या आत्ता." सगळ्या रस्त्यानं मी पुढं आणि त्या दहा पावलं मागं. माझ्या मनात एकच होतं, बँकेनं काहीतरी गोंधळ घातलाय आणि मी आज त्या मॅडमला सोडत नाही.

मॅडमनी माझं पासबुक मशीनमध्ये घातलं. मशीन कुरकुरत पानं भरत गेलं. त्यांनी ते बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "बाई, दर महिन्याला एवढे पैसे का भरता? तुमचा हप्ता तर थोडा आहे."

मी सांगितलं, चौघींचे आहेत.

"चौघींचे तुमच्या खात्यात?"

"एकाच फायलीत कागद हायत ना आमचे."

रांगेतलं कोणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. पेन्शन प्रत्येकीची वेगळी. हप्ता प्रत्येकीच्या स्वतःच्या खात्यातूनच कटतो. माझ्या खात्यातून फक्त माझा कटत होता. बाकीच्या तिघींचा पैसा तिथंच पडून होता, एक रुपया हललेला नव्हता.

पैसे जागेवर आहेत हे ऐकून पहिल्यांदा माझा जीव भांड्यात पडला. मी आपांकडं वळून म्हणणार होते, बघा, खाल्ले का मी? पण वळले तेव्हा आपांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. त्या पासबुकाकडं बघतच नव्हत्या. मॅडमना विचारत होत्या, "आता चालू व्हईल का पण? माझं वय उलटलंय."

तेव्हा मला खरी लाज वाटली. मी चोर नव्हते, पण त्यानं आपांना काय फरक पडणार होता? मी पैसे खाल्ले असते तरी त्यांचं म्हातारपण गेलं असतं, आणि न खाताही ते जात होतं. सात महिने मी दारात जाऊन निवांत राहा म्हणत होते आणि ती बाई माझ्या भरवशावर निवांत राहिली होती. एवढी शरम मला सूप घेऊन पहिल्या दारात उभी राहिले तेव्हाही वाटली नव्हती.

मॅडम म्हणाल्या, "होईल. थकलेले सगळे हप्ते आणि दंड त्यांच्या खात्यात जमा करा. बँक आपोआप कापून घेईल."

मी त्याच दिवशी स्लिप भरली. पैसे काढले, आपांच्या खात्यात भरले. बाकीच्या दोघींना बोलावून घेतलं आणि त्यांच्याही खात्यांत भरले. दंड तसा किरकोळ होता. मी म्हटलं, तिघींचा दंड मी देणार. गल्लीतल्या दोघी म्हणाल्या, "राहू दे गं, तू काय मुद्दाम केलंस का?" आपांनी हात पुढं केला.

"दे," त्या म्हणाल्या. "चूक तुझी हाय."

मला पुन्हा तू म्हणाल्या, एवढंच मी ऐकलं. दंड देताना मला हलकं वाटलं. त्या दोघींची माफी मला आजही टोचते, आपांनी मोजून घेतलेले ते पैसे टोचत नाहीत.

त्या दिवसापासून मी ठरवलं की यातलं सगळं शिकायचं. हप्त्याचा मेसेज कसा असतो, न गेल्याचा कसा असतो, कुठला शब्द आला की घाबरायचं. मॅडमना विचारून विचारून भंडावून सोडलं. मग तिघींना शिकवलं. आपांना इंग्रजी अक्षरं येत नाहीत, पण काळा दाणा ओळखणारे डोळे ते. हप्ता न गेल्याच्या मेसेजमधला शब्द त्यांनी चित्रासारखा ध्यानात ठेवला. स्वतःचा खाते नंबर पाठ केला. दर महिन्याला त्या स्वतः जाऊन भरायला लागल्या. मला त्या म्हणाल्या, "आता माझं मी बघते." मला लागलं.

उन्हाळा सरल्यावर घरोघरचं काम संपलं होतं. बाजारातला एक किराणा दुकानदार मूग, मटकी, शेंगदाणे निवडायला द्यायचा, त्यावर चाललं होतं. भाद्रपदात हवा दमट झाली, माल यायचा थांबला. त्याच महिन्यात नवऱ्याची पाठ धरली आणि पंधरा दिवस त्याला पोतं उचलता आलं नाही. घरात तेल आणायचं की हप्ता भरायचा, अशी वेळ आली. मी दोन दिवस विचार केला आणि तेल आणलं. पोरांना कोरडी भाकरी घालून स्वतःच्या म्हातारपणाची सोय करायची, ते काही माझ्याच्यानं होईना.

तरी एक शेवटचा प्रयत्न म्हणून दुकानदाराकडं गेले. म्हटलं, थोडी उचल द्या, दिवाळीच्या कामात वळती करा. तो म्हणाला, "काम आलं तर देतो की. आधी कसं देऊ?" मी दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायच्या आधी मला माझ्याच तोंडावर ते हसू जाणवलं, आईचं. मी तशीच माघारी फिरले.

दोन दिवसांनी हप्त्याची तारीख. तोवर निम्मे पैसे जमले होते. नवरा म्हणाला, "निम्म्यानं काय हुतंय?" मला माहीत होतं की निम्म्यानं काही होत नाही. पण घरात ठेवले तर खर्च होतील, खात्यात असले तर पुढच्या महिन्यात दोन्ही हप्ते आणि दंड एकदम भरता येईल. बुडाला हप्ता तर बुडाला, पण खातं मी सोडणार नव्हते. दुपारी मशीनवाल्याकडं गेले आणि निम्मे पैसे पुढं केले.

तो म्हणाला, "ताई, तुमचा हप्ता गेलाय की सकाळीच."

मी म्हटलं, "जाईल कुठनं? मेसेज बी आला न्हाय, खात्यात काहीच नव्हतं."

त्यानं मशीनवर बघून सांगितलं. काल संध्याकाळी कोणीतरी माझ्या खात्यात बरोबर हप्त्याएवढी रक्कम भरली होती. कोण म्हणून विचारलं, तर म्हणाला, "एक आपा आल्या होत्या. कागदावर तुमचा नंबर लिहून आणला होता. मी मशीनवर टाकल्यावर तीन वेळा वाचून दाखवायला लावला. म्हणाल्या, दुसऱ्याच्या खात्यात जायला नको."

मी तशीच आपांच्या घरी गेले. त्या मागच्या खोलीच्या दारात बसून शेंगदाणे निवडत होत्या. मला बघून सूप बाजूला सारलं नाही.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कुणी सांगायला कशाला पायजे. त्या दिवशी दुकानात पोत्यामागं बसले होते मी. ऐकलं सगळं." बोटं चालूच होती. "आणि त्याला कशाला मागायलीस गं? मागायचंच हाय तर हप्ता कशाला भरायचा मग?"

मला रडू आलं. मी रडणारी बाई नाही, पण आलं. माझा नंबर त्यांनी कुठून मिळवला हे विचारायचं होतं, तेही राहून गेलं. त्यांची स्वतःची त्या महिन्याची ओढाताण मला ठाऊक होती. माझ्या दुपटीचा हप्ता भरून त्यांनी माझाही भरला होता. जिच्या पायी त्यांचं खातं बंद पडायला आलं होतं, तिचा.

मुठीतले निम्मे पैसे मी त्यांच्यापुढं धरले. "हे घ्या आपा. राहिलेले दिवाळीच्या आधी आणून देते."

त्यांनी हात पुढं केला नाही. सुपातला एक काळा शेंगदाणा उचलून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "माझ्या हातात नको. बँकेत भर जा. आणि माझ्या खात्यात भर, तुझ्या नव्हं."

मी तशीच डोळे पुसत परत मशीनवाल्याकडं गेले. आपांचा नंबर मला पाठ होता.